निळी सुतळी

फाटकाला कडी होती, कडीला खिळा होता.
खिळा मागच्या नाताळात चिखलात पडला
आणि एलादिओ म्हणाला, उद्या बघतो.

तेव्हापासून आमचं फाटक निळ्या सुतळीवर आहे.
चाऱ्याच्या गठ्ठ्यांना येते ना, ती प्लास्टिकची.
माझ्या मते अख्खा गालिसिया तिच्यावरच उभा आहे:
ट्रॅक्टरचं दार, कुत्र्याचा पट्टा,
आणि गेल्या पावसाळ्यापासून
एलादिओची पँट.

सोडायला दोन हात लागतात.
माझ्या एका हातात बादली, दुसऱ्यात छत्री.
हे रोज. म्हणजे रोज दोनदा. म्हणजे
जाऊ दे.

मारेला मात्र जिभेनं सोडते.
गाईला ती गाठ कळते, मला नाही.
चाळीस वर्षं झाली, एलादिओची गाठ ती,
ओढाल तितकी घट्ट.

मंगळवारी मारेला डांबरावर जाऊन उभी राहिली.
उन्हानं तापलेलं डांबर, तिला पोटाखाली बरं वाटतं.
समोर पार्सलवाल्याची गाडी.
त्याच्या फोनमधली बाई म्हणत होती, सरळ जा.
सरळ आमचा उकिरडा आहे.
पार्सल आमचं नव्हतंच,
वरच्या घरातल्या माद्रिदकरांचं, तीन आठवड्यांपुरत्या आलेल्या.
त्यांची बाई फार गोड बोलते.
विचारत होती, कोंबड्याला थोडं उशिरा
असं काही सांगता येईल का?
म्हटलं, विचारून बघते.

मग मका.
एका रात्रीत रानडुकरांनी चेस्टनटकडची अख्खी बाजू झोपवली.
खाऊन तरी जावं! नाही.
प्रत्येक कणसाला एक चावा,
बाजारात चव बघून पुढे सरकणाऱ्या
आणि काहीही न घेणाऱ्या माणसासारखा.

भरपाईचा अर्ज ऑनलाइन.
रेंज फक्त कणगीघराच्या तिसऱ्या पायरीवर,
तोंड स्मशानाकडे केलं तर.
तिथे मी, वय सहासष्ट, पावसात,
फोन डोक्यावर धरून उभी.
खालून जाणाऱ्या पाद्रीबाबांनी
हात उंचावून आशीर्वाद दिला.
पासवर्ड मागितला. मारेलाचं नाव टाकलं,
तिच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर टाकला.
फोन म्हणाला: कमकुवत.
मारेला? कमकुवत?
तिनं एकदा पशुवैद्याला
हौदात बसवलं होतं.

एकोणीस दिवसांनी पाहणीला ब्राइस नावाचा पोरगा आला.
बूट इतके स्वच्छ की मलाच लाज वाटली.
म्हणाला, फाटक उघडा.
तर मंगळवारच्या रागानं एलादिओनं
सुतळीला सात गाठी मारलेल्या.
मी ओढलं. एलादिओनं ओढलं.
पोरानं फाइल काखेत धरून नखानं प्रयत्न केला.
चाकू? चाकू दुसऱ्या पँटीत.
दुसरी पँट वाळत, आणि ती दोरी
फाटकाच्या आत.

तेवढ्यात आतून मारेला आली.
आम्हा तिघांकडे तिनं एकेकदा पाहिलं,
मान खाली घातली, जीभ फिरवली,
आणि तुमचं झालं असेल तर सरका
अशा चालीनं
आमच्यामधून रस्त्याला लागली.

पोरानं लिहून घेतलं:
जनावर मोकाट. कुंपण सदोष.
पिकाचं नुकसान
अर्जदाराच्याच गाईनं केलेलं असण्याची शक्यता.

मी काही बोलले नाही.
एलादिओ बोलला.
म्हणाला, ओब्दुलिया, हे फाटक
उद्या बघतो.

खिळा वीस सेंटला मिळतो.
शुक्रवारच्या बाजारातून मी आणलाय,
एप्रनच्या खिशात आहे, महिना झाला.
बादली उचलताना मांडीला टोचतो.
हातोडी कुठे आहे तेही मला माहीत आहे.
पण मी ठोकणार नाही.

कोंबड्याला विचारलं.
तो नाही म्हणाला.